वाहनतपासणी, पोलिसांची गोळी आणि पाचवी आज्ञा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट पॉल शहराच्या कॅथोलिक कॅथेड्रलमध्ये १४ जुलै २०१६ रोजी हजारो लोक एका अंत्यविधीसाठी जमले होते. घोडागाडीतून आणलेली ती शवपेटी फिलँडो कॅस्टील या ३२ वर्षांच्या कृष्णवर्णीय गृहस्थांची होती. ते कोणी पुढारी नव्हते. एका शाळेच्या भोजनगृहात ते काम करीत. शेकडो मुलांची नावे आणि कोणत्या मुलाला दूध चालत नाही, हे त्यांना पाठ होते, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले.

त्यापूर्वी आठ दिवस, ६ जुलैच्या रात्री, फाल्कन हाइट्स या उपनगरात एका पोलीस अधिकाऱ्याने त्यांची मोटार अडवली. मोटारीच्या मागच्या ब्रेकचा दिवा बंद आहे, असे कारण त्यांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात या अधिकाऱ्याने काही क्षण आधीच बिनतारी संदेशावर आपल्या सहकाऱ्याला कळवले होते की, चालकाचा चेहरा, विशेषतः त्याचे रुंद नाक, एका दरोड्यातील संशयितासारखे दिसते. कॅस्टील यांचा त्या दरोड्याशी काही संबंध नव्हता. आपल्याजवळ बंदूक असल्याचे त्यांनी शांतपणे आणि स्वतःहून सांगितले. त्या बंदुकीचा रीतसर परवानाही त्यांच्याकडे होता. त्यानंतर काही सेकंदांतच अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. मोटारीत त्यांची मैत्रीण होती आणि मागच्या आसनावर तिची चार वर्षांची मुलगी बसलेली होती. ते बंदूक काढत आहेत असे आपल्याला वाटले, असे अधिकाऱ्याने न्यायालयात सांगितले. १६ जून २०१७ रोजी ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले.

या निकालावर पुष्कळ लिहिले गेले. आपण ख्रिस्ती श्रद्धावंत म्हणून त्याकडे एका वेगळ्या प्रश्नाच्या प्रकाशात पाहणे अगत्याचे आहे. मनुष्यहत्येचा विचार करताना केवळ गोळी सुटली तो क्षण पाहावा, की त्या क्षणापर्यंत नेणारी सारी वाट पाहावी?

कायद्याचे घड्याळ

आपल्याकडे नाक्यावर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या हाती शिट्टी आणि चलन फाडण्याचे यंत्र असते. त्याने गाडी बाजूला घ्यायला सांगितली, तर आपल्याला दंडाची धास्ती वाटते, जिवाची नव्हे. अमेरिकेत मात्र गस्तीवरील प्रत्येक पोलिसाच्या कमरेला भरलेली बंदूक असते आणि सर्वसामान्य नागरिकाजवळही ती असण्याचा संभव असतो. तेथे दरवर्षी सुमारे दोन कोटी वाहने अडवली जातात. त्यांपैकी बहुतेक प्रसंग निर्विघ्न पार पडतात. परंतु न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने २०२१ मध्ये केलेल्या शोधातून असे दिसून आले की, मागील पाच वर्षांत पोलिसांच्या हातून ४०० हून अधिक असे चालक व प्रवासी मारले गेले, ज्यांच्या हाती बंदूक वा सुरी नव्हती आणि ज्यांचा कोणत्याही हिंसक गुन्ह्यासाठी पाठलागही चालू नव्हता. त्यांबद्दल शिक्षा झालेले अधिकारी केवळ पाच होते.

शिक्षा इतक्या विरळ का, याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्याच्या दृष्टिकोनात आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ग्रॅहम विरुद्ध कॉनर या खटल्यात असा दंडक घालून दिला की, पोलिसाच्या बळाचा वापर योग्य होता की नाही, हे त्या जागी असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या दृष्टीने ठरवावे, नंतर सुचलेल्या शहाणपणाने नव्हे. हा विचार अन्यायाचा नाही. अर्ध्या सेकंदात निर्णय घेणाऱ्या माणसाला आरामखुर्चीत बसून दोष देणे सोपे असते. तथापि काही न्यायालयांनी या दंडकाला आणखी आवळून टाकले. अधिकाऱ्याला ज्या क्षणी धोका वाटला तेवढाच क्षण पाहायचा, त्यामागचे काहीही विचारात घ्यायचे नाही, असा पायंडा पडला.

टेक्सास राज्यातील ह्यूस्टनजवळ २८ एप्रिल २०१६ रोजी घडलेल्या घटनेत या पायंड्याचा कस लागला. अ‍ॅश्टियन बार्न्स हा २४ वर्षांचा तरुण भाड्याची मोटार चालवीत होता. त्या मोटारीवर पथकर थकल्याची नोंद होती, परंतु तो पथकर बार्न्स याने थकवलेला नव्हता. अधिकाऱ्याने मोटार अडवली, थोडे बोलणे झाले आणि मोटार पुढे सरकू लागली. अधिकारी सरकत्या मोटारीच्या दाराजवळील कडेवर उडी मारून चढला आणि त्याने आत दोन गोळ्या झाडल्या. मोटार सरकल्यापासून थांबेपर्यंत जेमतेम पाच सेकंद गेले. खालच्या न्यायालयांनी विचारात घेतला तो केवळ शेवटच्या दोन सेकंदांचा काळ. धावत्या मोटारीला लटकलेल्या माणसाच्या जिवाला धोका असणारच. मग गोळीबार योग्यच ठरला. परंतु तो लटकला का, हा प्रश्न विचारण्याची सोयच उरली नाही.

मुलाची आई नऊ वर्षे लढली. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, अशी झापडे लावून न्याय करता येणार नाही. त्या क्षणापूर्वी काय घडले, हेही न्यायाधीशांनी पाहिले पाहिजे. निकालपत्र न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिले. चार न्यायमूर्तींनी स्वतंत्र टिपण जोडून वाहन अडवताना पोलिसांना असणाऱ्या धोक्यांचीही आठवण करून दिली. अधिकाऱ्याने स्वतःच धोका ओढवून घेतला असेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने तूर्त दिले नाही. तरीही कायद्याचे घड्याळ काही पावले मागे सरकले, हे महत्त्वाचे होय.

ख्रिस्तसभेची शिकवण

ख्रिस्तसभेने हे घड्याळ कधीच एका क्षणावर थांबवले नाही. 'खून करू नकोस' ही पाचवी आज्ञा समजावून देताना कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करतो. इतरांच्या जिवांची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याच्यासाठी तर संरक्षण हे गंभीर कर्तव्य ठरते, असेही तो सांगतो. संत थॉमस अक्वायनस यांच्या विचाराला धरून तो त्याला एक मर्यादा मात्र घालतो: आवश्यकतेपेक्षा अधिक बळ वापरले, तर ते संरक्षण धर्मसंमत राहत नाही. 'आवश्यक' काय होते हे ठरवायचे, तर प्रसंग टाळता आला असता का, माघार घेता आली असती का, मुळात हा माणूस थांबवला तरी का गेला, हे विचारावेच लागते.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात या आज्ञेची मुळे आणखी खोल नेली. हत्येचा विचार त्याने हातातील शस्त्रापासून नव्हे, तर मनातील राग आणि भावाविषयीचा तिरस्कार यांपासून सुरू केला. चेहऱ्याच्या ठेवणीवरून एखाद्यास संशयित ठरवणे हे गोळी सुटण्यापूर्वीचे पाऊल आहे. कॅस्टील यांना त्यांच्या आयुष्यात पोलिसांनी ४० हून अधिक वेळा अडवले होते, बहुतेक वेळा किरकोळ कारणांसाठी. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे दहा कोटी वाहनतपासण्यांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. अंधार पडल्यावर, म्हणजे चालकाचा वर्ण दिसणे कठीण झाल्यावर, अडवलेल्या चालकांमधील कृष्णवर्णीयांचे प्रमाण कमी होते, असे त्यांना आढळले. अमेरिकेच्या बिशपांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये वंशभेदावर पालकीय पत्र काढून या पापाचे अस्तित्व आपल्या श्रद्धावंतांपुढे स्पष्टपणे मांडले, ते उगाच नव्हे.

पोलीसही आपलाच बंधू

येथे पोलिसांची बाजू डावलणे अन्यायाचे होईल. वाहन अडवताना अधिकारी मारले गेल्याच्या घटना खऱ्या आहेत, आणि त्यांच्याही घरी वाट पाहणारी माणसे असतात. परंतु भीतीचे प्रमाण वस्तुस्थितीशी जुळते का, हे तपासायला हवे. फ्लॉरिडा राज्यातील दहा वर्षांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, नेहमीच्या वाहनतपासणीत अधिकाऱ्याची हत्या होण्याचे प्रमाण ६५ लाख तपासण्यांमागे एक इतके होते. प्रत्येक मोटारीत मृत्यू दडला आहे असे ज्याला प्रशिक्षणातच शिकवले जाते, तो तरुण अधिकारी खिशाकडे जाणाऱ्या प्रत्येक हातात बंदूकच पाहणार. अशा भीतीने नागरिकाचा जीव जातो आणि गोळी झाडणाऱ्याचेही आयुष्य उद्ध्वस्त होते.

म्हणूनच काही ठिकाणी सुधारणेचा आरंभ गोळीपासून नव्हे, तर वाहन अडवण्यापासून झाला. व्हर्जिनिया राज्याने २०२१ पासून काही किरकोळ दोषांसाठी वाहन अडवण्यास बंदी केली. फिलाडेल्फिया शहरात २०२२ पासून असाच नियम आला. कॅस्टील यांच्यावर ज्या रॅम्सी परगण्यात गोळीबार झाला, तेथील सरकारी वकील जॉन चोई यांनी २०२१ मध्ये जाहीर केले की, केवळ अशा किरकोळ कारणासाठी वाहन अडवून उभे केलेले खटले आपण चालवणार नाही. त्या अधिकाऱ्यावर आरोपपत्र ठेवणारे वकील तेच होते.

आपल्या अंगणात

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुले-मुली परदेशांतील रस्त्यांवर वाहने चालवीत आहेत, हे एक कारण. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. २९ सप्टेंबर २०१८ च्या पहाटे लखनौ शहरात एका खाजगी कंपनीचा अधिकारी सहकारी महिलेसह मोटारीने घरी निघाला होता. गस्तीवरील पोलीस शिपायांनी मोटार थांबवण्याचा प्रयत्न केला आणि एकाने समोरच्या काचेतून गोळी झाडली. मोटार आपल्या अंगावर घातली जात होती, असे त्याने सांगितले. त्या अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. शिपायांना अटक व बडतर्फी झाली, तेव्हा काही पोलीस कर्मचाऱ्यांनी आरोपी सहकाऱ्याच्या समर्थनार्थ काळ्या फिती लावल्या.

आपल्या देशाचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोप ज्याच्यावर नाही, त्याला अटक करताना त्याचा मृत्यू घडवण्याचा अधिकार पोलिसांना मिळत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मधील ही तरतूद २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्येही कायम आहे. मुंबईतील पोलीस चकमकींविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय देताना अशा प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी बंधनकारक केली. शिवाय घटनेनंतर लगेच बढती वा शौर्यपदक देऊ नये, असेही बजावले.

मग उणे कुठे आहे? चकमकीची बातमी वाचून 'बरे झाले' म्हणणाऱ्या आपल्या जिभेत ते आहे. मारला गेलेला गुन्हेगार होता असे एकदा सांगितले की, आपण पुढचे प्रश्न विचारीत नाही. लखनौच्या त्या रात्री मोटारीत कोणी सुस्थितीतील अधिकारी नसून एखादा अनोळखी मजूर असता, तर आपल्यापैकी किती जणांना हळहळ वाटली असती? गोळी झाडणाऱ्या शिपायाला जे धाडस येते, त्यात समाजाने वाजवलेल्या टाळ्यांचाही वाटा असतो.

आबेलच्या हत्येनंतर परमेश्वराने काईनला त्याच्या भावाचा ठावठिकाणा विचारला. तो प्रश्न शस्त्राविषयी नव्हता, नात्याविषयी होता. रविवारच्या मिस्साबलिदानात श्रद्धावंतांच्या प्रार्थना होतील, तेव्हा पोलिसांच्या हातून मृत्यू पावलेल्यांसाठी आणि कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या पोलिसांसाठी आपण एकाच श्वासात प्रार्थना करूया. आपल्या धर्मग्रामांतील जे तरुण पोलीस दलात आहेत वा भरतीची तयारी करीत आहेत, त्यांना आपल्या धर्मगुरूंनी आणि वडीलधाऱ्यांनी जवळ बोलावून ही शिकवण समजावून द्यावी. आणि पुढच्या वेळी चकमकीची बातमी आली, तर टाळी वाजवण्यापूर्वी आपण एवढेच विचारूया: त्या क्षणाच्या आधी काय घडले?