वायर कोणी जोडायची?

आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या ताई मुलीकडे राहायला गेल्या, तेव्हापासून आम्ही एका तयार रेकॉर्डिंगवर सराव करतो. परवा आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "आता काळी चार झेपत नाही गं. तुम्ही म्हणा, मी आपले टाळ वाजवते." सूर पक्का, पाठांतर चोख. वयानं आवाज जरा खाली आला, एवढ्यासाठी त्यांनी गप्प बसायचं? मला काही ते पटेना.

घरी लेकाचा जुना सिंथेसायझर कपाटावर साडीत गुंडाळून ठेवलेला होता. तो कॉम्प्युटरला जोडला की चाल वाजवून साठवता येते, हे ऐकून होते. "दिवाळीत आलास की जोडून दे हं," असं म्हणता म्हणता तीन दिवाळ्या गेल्या. शेवटी स्वतःच दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, घरातल्या कोणा जेन्ट्सना पाठवा. तुम्हाला नाही समजायचं." वायर घेतली आणि घरी आले. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

अहो, त्यात न समजण्यासारखं काय आहे? सिंथेसायझरच्या मागे पाच-पाच भोकांच्या दोन गोल खाचा होत्या, 'मिडी इन' आणि 'मिडी आउट'. आउट म्हणजे नळ, इन म्हणजे बादली. सिंथेसायझरच्या नळातून निघालेलं कॉम्प्युटरच्या बादलीत पडलं पाहिजे. मी आधी उलटं जोडलं, काहीच होईना. पिना बदलल्या, काम झालं. नव्या वाद्यांना तर प्रिंटरसारखी चौकोनी यूएसबी खाच असते. तिथे एकच वायर पुरते.

तरी कॉम्प्युटरमधून आवाज येईना. मग उमगलं, या वायरमधून आवाज जातच नाही! कोणती पट्टी दाबली, किती जोरात, किती वेळ, एवढाच निरोप जातो. चिवडा नाही, चिवड्याची कृती जाते म्हणा ना. चिवडा करायला तिकडे कोणीतरी हवं. म्हणून प्रोग्रॅममध्ये इनपुटला ती वायर निवडायची आणि वाजवायला एखादं वाद्यही निवडायचं. मग एक पट्टी दाबली की दोनदा आवाज यायला लागला, एक सिंथेसायझरचा, एक कॉम्प्युटरचा. सिंथेसायझरच्या सेटिंगमध्ये 'लोकल' बंद केलं, झालं.

कृतीच साठवलेली असल्यामुळे गंमत अशी, की काळी चारमध्ये वाजवलेलं भजन दोन पट्ट्या खाली, काळी तीनमध्ये आणता येतं. लय तसूभरही बदलत नाही. चुकलेला एखादा सूर तेवढाच दुरुस्त होतो. गळ्यातली मींड मात्र त्यात नाही, ती आपणच गाऊन भरायची.

हे तंत्र काही आजचं नाही. 1983 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर पहिल्यांदा असे जोडून दाखवले गेले. ज्यांच्या पुढाकारानं हे घडलं, त्या अमेरिकेच्या डेव्ह स्मिथ आणि जपानच्या इकुतारो काकेहाशी यांना 2013 साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं. धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांनी आपापली वाद्यं एकमेकांशी बोलती केली. आणि आपण चार हातांवरच्या वायरला भिऊन बसतो!

मैत्रिणींनो, शिवणयंत्रात दोरा आपणच ओवतो, मिक्सरचं भांडं आपणच बसवतो, कुकरची रिंगही आपणच बदलतो. मग वायर दिसली की "मला त्यातलं कळत नाही" हे वाक्य तोंडातून आपोआप का निघतं? मुलं आपल्याला शिकवत नाहीत, ही तक्रार खरी आहे. ती पटकन जोडून देतात आणि निघून जातात. पण आपणही "तूच कर" म्हणून मोकळ्या होतो, हेही तितकंच खरं. जोडून देणारा गावाला गेला की आपलं गाणंही कपाटावर जातं.

गेल्या गुरुवारी काकू काळी तीनमध्ये पूर्ण अभंग गायल्या. टाळ मी वाजवले. जाताना त्या हळूच म्हणाल्या, "ती वायर कशी जोडतात, मलाही दाखव हं."

पुढच्या गुरुवारी वायर त्यांच्या हातात देणार आहे. मी नुसती शेजारी बसणार.