असू दे, लागेल!

ट्रेकच्या आदल्या रात्री मराठी माणूस सगळ्यात जास्त वेळा कुठलं वाक्य बोलत असेल, तर ते म्हणजे "असू दे, लागेल." जादा जीन्स? असू दे, लागेल. तिसरी टॉर्च? असू दे. दोन किलो कांदे, आख्खी मसाल्याची बरणी, कॅमेऱ्याची ती जाडजूड लेन्स? असू दे रे, घेतली सॅकमध्ये तर काय बिघडतंय! असं करत करत पंधरा-सोळा किलोचं एक गाठोडं तयार होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पाठीवर घेऊन स्वारगेटला उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ना, ते मला बघवत नाही. जणू अर्धा ट्रेक तिथेच झाला.

एका दिवसात सिंहगड करून घरी येणाऱ्यांबद्दल मी बोलत नाहीये. त्यांनी हवं तर गॅस सिलिंडर घेऊन जावं. मी बोलतोय रेंज ट्रेकबद्दल. उदाहरणच द्यायचं तर राजगड-तोरणा-रायगड. संजीवनी माचीवरून उतरून डोंगराच्या धारेने तोरण्याची बुधला माची गाठायची, तिथून मोहरी-सिंगापूरच्या बाजूला यायचं, बोराट्याच्या नाळेने लिंगाण्याच्या खिंडीत उतरायचं, मग खाली पाने गाव, आणि शेवटी रायगड. तीन ते चार दिवस. मध्ये बराच वेळ ना टपरी, ना रेंज (मोबाईलची), ना परतीचा सोपा रस्ता. ह्या वाटेवर सोळा किलो घेऊन जाण्यात मर्दुमकी बिर्दुमकी काही नाही. तो निव्वळ धोका आहे, आणि आपण त्याला "स्टॅमिना" म्हणतो.

आता मी इंजिनिअर असल्यामुळे आधी हिशोब. दहा किलो जादा वजन हजार मीटर वर चढवायला किती ऊर्जा लागते? ९८ किलोज्यूल, म्हणजे साधारण २३ किलोकॅलरी. शरीर काही शंभर टक्के कार्यक्षम यंत्र नाही, पाव धरा. तरी शंभराच्या आतच. म्हणजे पार्लेची चार बिस्किटं! वजनवाल्या मंडळींना हा आकडा फार आवडेल, म्हणून मीच आधी सांगून टाकतो. हा हिशोब फक्त चढाचा आहे, पण चढाचा प्रश्न खरंच फारसा मोठा नाहीये. धाप लागते, बसायचं, उठायचं.

प्रश्न उताराचा आहे. बोराट्याची नाळ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन कड्यांच्या मधली एक अरुंद घळ, तिच्यात वरून पडलेले धोंडे, काही पक्के, काही पाय ठेवला की हलणारे, आणि मधूनमधून घसारा. नाळ थोडी उतरली की ती सोडून कड्याच्या पोटातून आडवी मारायची आणि लिंगाण्याच्या खिंडीत यायचं. त्या आडवीवर एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. इथे सोळा किलोची सॅक म्हणजे पाठीवर बसलेला दुसरा माणूस, आणि तो तुमचं ऐकत नाही. तुम्ही डावीकडे झुकलात की तो एक क्षण उशिरा झुकतो. तुम्ही थांबलात तरी तो थांबत नाही. उंच पायरीवरून खाली पाय टाकताना गुडघा जो धक्का खातो तो तुमच्या आणि त्याच्या बेरजेचा असतो. आणि हे एकदा नाही, दिवसभर.

काही वर्षांपूर्वी एका ग्रुपबरोबर (नाव सांगत नाही, मंडळी बाकी चांगली होती) ह्याच वाटेने गेलो होतो. सोळा जणांसाठी खिचडी करायची म्हणून एक ॲल्युमिनियमचं भलंमोठं पातेलं घेतलं होतं. गावात जेवू या, असं मी निघायच्या आधीच सुचवलं होतं. त्यावर लीडरसाहेबांनी "रेंज ट्रेक म्हणजे सेल्फ-सपोर्टेड" असं इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत सांगितलं की वाद संपतो. तर ते पातेलं एका नवख्या मुलाच्या सॅकला बाहेरून बांधलेलं. आडवीवर जिथे कातळ पोटाकडे पुढे येतो, तिथे ते कातळाला ठेचलं आणि पोरगं अर्धा फूट बाहेर ढकललं गेलं. मागच्याने सॅकचा पट्टा धरला म्हणून बरं. काही झालं नाही. पण तो जो मटकन खाली बसला तो अर्धा तास उठेना. मग त्याचं सामान वाटून घेणं, एकेकाला हात देऊन पार करणं, ह्यात अंधार झाला. रात्री पान्यात पोचलो तेव्हा पातेलं बरोबर होतं. खिचडी कोणी केली नाही. सगळे बिस्किटं खाऊन झोपले.

आता ह्यावर जे ठरलेले युक्तिवाद येतात, ते घेतो.

पहिला: "सवय व्हायला पाहिजे, पुढे हिमालयात जायचंय." जा ना. सवय करायची तर पर्वतीच्या पायऱ्या आहेत. सॅकमध्ये वीस किलो वाळू भरा आणि रोज सकाळी चढा-उतरा, कोण अडवतंय? नाळेतली आडवी ही व्यायामशाळा नाही.

दुसरा: "हे हलक्या सॅकचं फॅड अमेरिकेतलं आहे, सह्याद्रीत चालत नाही." फॅड तिकडचं आहे हे खरं. त्यांच्याकडे खाणं, पाणी आणि इंधन सोडून उरलेल्या सामानाचं वजन मोजतात, आणि ते दहा पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोच्या आत आलं की त्याला अल्ट्रालाइट म्हणतात. ह्या विचाराला जोर दिला रे जार्डिन नावाच्या गृहस्थाने. हा मूळचा अवकाश-उद्योगातला इंजिनिअर, कड्याच्या भेगेत अडकवायची 'फ्रेंड' नावाची साधनं त्यानेच शोधली. १९९२ मध्ये त्याने चार हजारांहून जास्त किलोमीटरच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर पुस्तक लिहिलं आणि सांगितलं की जड बूट सोडा, धावायचे बूट घाला, तंबूऐवजी एक कापड ताणा, सॅक घरी शिवा. लोक त्याच्यावर भडकले. पण त्याच्याही कितीतरी आधी, १९५५ मध्ये, एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईने अख्खी ॲपलेशियन ट्रेल एकटीने पार केली होती. तीन हजारांवर किलोमीटर! पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली जीनच्या कापडाची पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. ही बाई कुठल्या दुकानात गेली होती सांगा? आणि आमचे इथले जुने ट्रेकर हंटरच्या बुटांत आणि खांद्यावरच्या शबनममध्ये घोंगडी कोंबून डोंगर हिंडलेच की. हलकं चालणं आपण कोणाकडून शिकायची गरजच नव्हती. मध्येच कुठेतरी विसरलो आपण ते.

तिसरा युक्तिवाद मात्र माझ्या डोक्यात जातो. "अरे, गावातल्या बायका डोक्यावर मोळी घेऊन असल्या वाटांनी उतरतात, आणि तुला पंधरा किलो जड होतात?" हो, उतरतात. त्यांना विचारलंत का कधी, हौसेने उतरता का म्हणून? ती वाट त्यांच्या रोजच्या पायाखालची असते, कुठला धोंडा हलतो ते त्यांना ठाऊक असतं, आणि तरीही मान आणि गुडघे चाळिशीत बोलायला लागतात. गावापर्यंत रस्ता आणि घरात गॅस आला तर ती मोळी त्या उद्या खाली टाकतील. त्यांच्या नाइलाजाला आपल्या सुट्टीच्या दिवशी शौर्य म्हणून वापरायचं, ही कुठली पद्धत?

(कोणीतरी वारकऱ्यांचंही उदाहरण देतंच. माउलींची वारी पायी असते, पण दिंडीचं सामान ट्रकमध्ये असतं. वारकरी आपल्यापेक्षा शहाणे आहेत.)

असो. मग न्यायचं काय? माझ्या सॅकचा हिशोब देतो, भाजीवाल्याकडे असतो तसल्या ताणकाट्यावर मोजलेला. रिकामी सॅक ११०० ग्रॅम. कॅरीमॅट ३००. पातळ स्लीपिंग बॅग ९००, डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर पुरते. प्लॅस्टिकचा कागद ४००. स्वेटर ४००. कपड्यांचा एक जोड ५००, एकच. डोक्याला लावायची टॉर्च १००. औषधं आणि बँडेज ३००. पॉवर बँक २००. ताटली, चमचा, चाकू, सुतळी मिळून २५०. झाले ४४५० ग्रॅम. ह्यात टायटॅनियमचं काही नाही. टायटॅनियमचा मग घेऊन पन्नास ग्रॅम वाचवणारे आणि त्याच सॅकमध्ये ड्रोन घालणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी. तंबू मी नेत नाही. गडावर मुक्कामाला मनाई असेल (हे निघण्याआधी बघायचं, नियम बदलत असतात) तर पायथ्याच्या गावात देवळाच्या ओसरीवर झोपायचं, गावकऱ्यांना विचारून.

खाणं दिवसाला ६०० ग्रॅम, चार दिवसांचं २४०० ग्रॅम. इथे आपल्या स्वयंपाकघराला तोड नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, लाडू, गूळ-शेंगदाणे. पुऱ्या-दशम्या पहिल्या दोन दिवसांत संपवायच्या, गूळ-शेंगदाणे शेवटपर्यंत टिकतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि ते शिजवावे लागत नाहीत. मॅगीला स्टोव्ह लागतो, इंधन लागतं, भांडं लागतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी लागतं. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीत पाणी उकळून त्यात शेवया टाकणं ही चैन आहे. भांडी घासायला पुन्हा पाणी!

आणि पाणी हीच ती एक गोष्ट जिथे मी कंजुषी करू देत नाही. गंमत बघा, सोळा किलोवाल्यांच्या सॅकमध्ये पाणी किती असतं? दोन लिटर. कारण तिसऱ्या बाटलीला जागाच नसते, तिथे जीन्स असते. मोहरीत पाणी भरून घेतलं की खाली उतरेपर्यंत भरवशाचं पाणी मिळेल असं धरूच नये. उन्हाचा दिवस असेल तर माणशी चार लिटर, म्हणजे चार किलो. ते वाहायची ताकद हवी म्हणून तर बाकीचं सगळं टाकायचं! सगळं मिळून अकरा किलोच्या आत बसतं, आणि ते प्रत्येक घोटाला कमी होत जातं. दोर नेणारा लीडर अर्थातच जादा वाहील, आणि तो दोर मी "असू दे" मध्ये धरत नाही.

एक गोष्ट मात्र हलक्या सॅकवाल्या माझ्या भाईबंदांनाही सुनवायची आहे. आपण पातेलं नेत नाही कारण मोहरीत कोणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी मिळते. म्हणजे पातेल्याचं वजन नाहीसं झालेलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लोड कमी झाला नाही, दुसऱ्या सर्व्हरवर गेला. तो सर्व्हर म्हणजे ती मावशी, जिने विहिरीवरून दोन हंडे जास्तीचे आणले, पीठ दुकानातून विकत आणलं, चुलीपुढे दीड तास बसली. मग रात्री आठला न सांगता दहा जणांनी टपकायचं आणि पैसे देताना "ताई, थोडं कमी करा ना" म्हणायचं? शहरात पिझ्झावाल्याशी घासाघीस करता? आधी फोन करून सांगा, मागतील तेवढे द्या, वर चार जास्त द्या, आणि आंघोळीला पाणी मागू नका. हे जमत नसेल तर तुमचं पातेलं तुम्हीच वाहा, मी काही बोलणार नाही.

"अपघात झालाच तर बचाव पथक आहे की," असंही ऐकलंय मी. आहे. लोणावळ्याच्या शिवदुर्गसारख्या संस्थांची पोरं आपली नोकरी-धंदा सोडून रात्री-अपरात्री डोंगरात येतात, फुकट. स्ट्रेचर नाळेतून बाहेर काढायला सहा-आठ जण आळीपाळीने लागतात. तुमची जीन्स, तुमचे कांदे आणि तुम्ही, हे सगळं मिळून ते उचलतात.

येत्या जानेवारीत पुन्हा ह्याच वाटेने जायचं ठरतंय. आठ जण, जास्त नाही. ज्यांना यायचंय त्यांनी सांगावं. स्वारगेटला गाडीत बसायच्या आधी ताणकाटा लावणार आहे. पाणी सोडून सात किलोच्या वर भरली की सॅक तिथेच फूटपाथवर उघडायची, आणि जे निघेल ते घरी परत पाठवायचं. पाणी चार लिटरच्या खाली भरलं तरीही उघडायची.