पिझ्झा आणि पंगत

कोणत्या दुकानची जिलबी खरी आणि कोणाची मिसळ मिळमिळीत, या प्रश्नावरून सख्ख्या भावांत जितका वाद माजतो, तितका शेताच्या बांधावरूनही माजत नसेल. खाण्याची आवड हा विषय दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु ज्या घरांत दहा-बारा माणसें एकत्र नांदतात, तेथें तो प्रत्येक जेवणाच्या वेळीं नव्यानें उभा राहतो. एकाला तिखट हवें, दुसऱ्याला तें वर्ज्य; कोणाचा उपास, कोणाचें पथ्य. आजवर या प्रश्नाचा निकाल एका चुलीनें लावला. आतां सुट्टीच्या सायंकाळीं पिझ्झ्याची चौकोनी पेटी दारांत येते आणि तिच्याबरोबर एक नवा प्रश्नही येतो. ज्या पदार्थावर काय घालावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें, तो पदार्थ पंगतीस मानवतो काय? या महिन्यांत त्याचाच थोडा विचार करूं.

प्रथम या पाहुण्याचें कूळ पाहूं. पिझ्झ्याचें माहेर इटलींतील नेपल्स शहर. श्रीमंतांच्या मेजावर तो जन्मला नाहीं. हमाल, कोळी, रोजंदारीचे मजूर यांचें तें पोटभरीचें खाणें. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीं नेपल्सविषयीं लिहितांना, पिझ्झ्याच्या भावावरून बाजाराची तेजी-मंदी कळते, असें नमूद केलें आहे. पुढें तळलेला पिझ्झा उधारीवर विकण्याचीही तेथें चाल होती: आज खावा आणि आठ दिवसांनीं पैसे द्यावे. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९५४ सालच्या 'नेपल्सचें सोनें' या अर्थाच्या नांवाच्या चित्रपटांत सोफिया लोरेन हिनें अशीच पिझ्झेवाली रंगविली आहे.

नेपल्समध्यें जुन्या वळणाचे प्रकार दोन. पहिला मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो नांवाचा सुगंधी पाला आणि ऑलिव्हचें तेल, चीजचा स्पर्शही नाहीं. दुसरा मार्गारिटा: टोमॅटो, मोझारेला हें पांढरें मऊ चीज आणि बॅसिलचीं पानें. १८८९ सालीं इटलीची राणी मार्गारिटा नेपल्सला आली असतां राफाएले एस्पोझितो यानें तिच्यासाठीं हा केला व त्यास तिचें नांव दिलें, अशी आख्यायिका आहे. तशा तऱ्हेचा पिझ्झा त्यापूर्वींही तेथें होत असे, असें जुन्या वर्णनांवरून दिसतें. परंतु राणीच्या नांवानें गरिबाच्या भाकरीस प्रतिष्ठा आली, हें खरें. १८७० पासून या धंद्यांत असलेल्या कुटुंबाचें 'दा मिकेले' हें तेथील दुकान दीर्घकाळ या दोनच प्रकारांवर चाललें. गिऱ्हाइकानें तिसरा मागूं नये आणि मालकानें दाखवूं नये, असा जणूं करारच होता.

या पदार्थाचे नियमही कांहीं थोडे नाहींत. १९८४ सालीं अस्सल पिझ्झ्याच्या रक्षणासाठीं नेपल्समध्यें एक संस्था निघाली. २०१० सालीं युरोपीय संघानें त्याच्या पारंपरिक कृतीस कायद्याचें संरक्षण दिलें. आणि २०१७ सालीं पिझ्झा करणाऱ्यांची कला युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत दाखल केली. पोळीचा व्यास ३५ सेंटिमीटरांहून अधिक नसावा, भट्टी लांकडाची असावी, तिची उष्णता सुमारें ४८५ अंश सेंटिग्रेड असावी आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघावा, असें त्या कृतींत बारकाईनें सांगितलें आहे. परंतु हे नियम बांधतात कोणाला? करणाराला, खाणाराला नाहीं. पीठ कसें मळावें, तें किती वेळ फुगूं द्यावें, याविषयीं तडजोड नाहीं. तुम्हांला कोणता प्रकार आवडावा, याविषयीं मात्र चकार शब्द नाहीं. पुरणपोळी कशी व्हावी हें सुगरणीनें ठरवावें आणि ती दुधाशीं खावी कीं तुपाशीं हें खाणारावर सोडावें, तसाच हा न्याय आहे.

खाणाराच्या आवडीचा हट्ट पाहावयाचा असेल, तर अमेरिकेंतील न्यू हेवन हें शहर पाहावें. येल विद्यापीठाचें हें गांव. आपल्याकडील विद्यार्थीही तेथें शिकावयास जातात. तेथील वूस्टर स्ट्रीटवर १९२५ सालीं फ्रँक पेपे या इटलीहून आलेल्या गृहस्थानें पिझ्झ्याचें दुकान घातलें. १९३८ सालीं त्याचा भाचा सॅल्व्हातोरे कॉन्सिग्लिओ याचें 'सॅलीज' हें दुसरें दुकान त्याच रस्त्यावर, हांकेच्या अंतरावर निघालें. मामा-भाच्यांच्या या दोन कोळशाच्या भट्ट्यांनीं गांवांत दोन तट पाडले आणि ती निष्ठा पुष्कळ घरांत वतनासारखी पुढील पिढीकडे चालत आली. परक्याला या दोहोंतील भेद चटकन् कळत नाहीं. दोन्हीकडे पातळ, वेडीवांकडी, कडेला करपलेली पोळी. दोन्हीकडे साध्या पिझ्झ्यावर मोझारेला नसतें, हवें तर तें निराळें सांगावें लागतें. पेपेच्या दुकानाची विशेष ख्याति आहे ती तिसऱ्या घातलेल्या पांढऱ्या पिझ्झ्याबद्दल. आमच्या सारस्वत वाचकांस त्याचें मर्म सांगावयास नकोच. दोन्ही तटांचा कंटाळा आलेल्यांसाठीं १९३४ पासूनचें 'मॉडर्न' हें तिसरें दुकान गांवांत आहेच.

या हकीकतीचें तात्पर्य एकत्र कुटुंबांस विशेष उपयोगी पडेल असें वाटतें. भाच्यानें मामाची भट्टी विझविली नाहीं. आपली निराळी पेटविली. एक रस्ता, दोन चुली आणि दोहोंपुढेंही रांगा! चूल निराळी झाली म्हणजे नातें तुटलेंच, असें आपण फार लौकर धरून चालतों. नातें तुटतें तें चूल निराळी झाल्यानें नव्हे, तर दुसऱ्याच्या चुलीस नांवें ठेवल्यानें.

आतां आपल्या घरांत येऊं. पेटी आली कीं पुष्कळ घरांत एकच दृश्य दिसतें. मुलें, सुना, लेक-जांवई पेटीभोंवतीं. आणि आजी आपला दूधभात घेऊन स्वयंपाकघरांत. विचारलें तर "माझें काय, तुम्ही खा" हें ठरलेलें उत्तर. या नकाराच्या मुळाशीं बहुधा अज्ञान असतें. परंतु तें आजीचें नव्हे, मागविणारांचें. चातुर्मासांत तिला कांदा-लसूण चालत नसेल, तर मूळ मार्गारिटांत दोन्ही नाहींत. दुकानदाराच्या तयार सॉसमध्यें लसूण आहे काय, एवढें मात्र आधीं विचारून घ्यावें. चीजविषयींची तिची शंका तर अगदीं रास्त आहे. दूध गोठविण्यासाठीं इटलींत परंपरेनें वासराच्या जठरांतून काढलेला अर्क वापरतात. आपल्या देशांत शाकाहाराचा हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्यें असा प्राणिज अर्क नसतो. ती खूण तिला दाखवावी. बॅसिल ही आपल्या तुळशीचीच बहीण; तिचें बीं आपण सब्जा म्हणून उन्हाळ्यांत सरबतांत घालतों. आणि टोमॅटो तर नेपल्सलाही परकाच. अमेरिका खंडांतून निघालेलें हें फळ एकीकडे इटलींत पोंचलें आणि दुसरीकडे आपल्याकडे आलें. ज्या घरांतून त्यास बेलवांगें म्हणून एके काळीं उंबऱ्याबाहेर ठेवीत, त्याच घरांत आज त्याचें सार पानांत नित्य वाढलें जातें.

आमची स्वतःची आवड विचाराल, तर मारिनारा. चीजच्या जाड थराखालीं कच्ची पोळीही खपून जाते; मारिनारांत दोषांस लपावयास जागा नाहीं. भाकरीची परीक्षा नुसत्या तेल-मिठाशीं खाऊन करावी, तसेंच हें. घरच्या भट्टींत उष्णता बहुधा २५० अंशांपलीकडे जात नाहीं. ९० सेकंदांच्या कामास तेथें कित्येक मिनिटें लागतात आणि तेवढ्यांत पोळींतील ओल उडून जाते. म्हणून घरचा पिझ्झा नेपल्ससारखा उतरला नाहीं, तर सुनेच्या हातास बोल लावूं नये. दोष अंशांचा आहे, हाताचा नव्हे.

आमच्या चिरंजीवांस मात्र अननस घातलेला पिझ्झा प्रिय! तो प्रकार १९६२ सालीं कॅनडांत सॅम पानोपुलोस या मूळच्या ग्रीक उपाहारगृहवाल्यानें काढला. २०१७ सालीं आइसलंडचे तत्कालीन अध्यक्ष ग्वुद्नी योहानेसन एका शाळेंत मुलांपुढें विनोदानें बोलून गेले कीं, आपल्या हातीं असतें तर पिझ्झ्यावर अननस घालण्यास बंदी केली असती. त्यावर जगभर गहजब उडाला. तेव्हां त्यांनीं खुलासा केला, कीं असा अधिकार आपणांस नाहीं आणि तो नाहीं याचा आपणांस आनंदच आहे. जो अधिकार राष्ट्राच्या अध्यक्षास नाहीं, तो घरच्या कर्त्यास कोठून असणार? अननस पाहून आम्ही मान फिरवितों. पण पैसे देतों.

तेव्हां पिझ्झा पंगतीस मानवतो काय, हा प्रश्न पिझ्झ्याचा नसून मागविणाराचा आहे. पेटी मागविण्यापूर्वीं पहिला प्रश्न आजीला विचारावा, शेवटचा नव्हे. तिला चालेल असा एक पिझ्झा आधीं ठरवावा. मग ज्याला जें रुचेल तें त्यानें सांगावें. प्रत्येकाचा घास निराळा असला तरी चालेल. बसावयास पंगत एक असली म्हणजे झालें. आणि आजीनें दुसरा तुकडा मागितला, तर तो कोणाच्या वांट्याचा, हें कोणीं विचारूं नये.