टचपॅड रुसला म्हणून लिनक्स सोडायचं?

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जुन्या लॅपटॉपला विंडोज ११ झेपत नाही आणि नव्यासाठी घरी पैसे मागवत नाहीत. मग कुणीतरी सुचवतं, ‘लिनक्स टाक ना!’ आपण टाकतो, टचपॅडवर टॅप करतो आणि... कधीकधी क्लिकच होत नाही. लगेच निकाल: ‘लिनक्स बेकार आहे यार!’

जरा थांबा. लिनक्सवर बोटांच्या हालचालींचा अर्थ बहुधा ‘लिबइनपुट’ लावतं. चुकून बोट लागून भलतंच क्लिक होऊ नये, म्हणून ते बहुतेक लॅपटॉपवर टॅप मुद्दाम बंद ठेवतं. माऊस-टचपॅडच्या सेटिंगमध्ये एक टिक केली की काम फत्ते. टचपॅड सिस्टीमला दिसतच नसेल, तर मात्र प्रश्न ड्रायव्हरचा. तिथे कर्नलचा लॉग वाचावा लागतो.

ज्याला टॅप हवं तो सेटिंग शोधेल, असं लिबइनपुटवाल्यांचं म्हणणं. पण नवख्याला कुठे शोधायचं हे सांगणार कोण? रत्नागिरीतल्या कॉलेजांनी सत्रातून एक शनिवार लॅब यासाठी उघडी ठेवावी. शिकवायला सीनियर्स आहेतच. एका टिकसाठी चालता लॅपटॉप भंगारात का जावा?