पहिलं धनुष्य हलकंच हवं

फलटणजवळच्या सरडे गावचा, आपल्याच फौजेतला प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला खेळला. इथे सॉल्ट लेकमध्ये तर साईचं केंद्रच आहे. त्यामुळे पोस्टिंगवरचे साथीदार पोरांना धनुष्य घेतात. पण "वाढत्या अंगाचं" म्हणून जड!

माझं मत उलट आहे. वाढत्या अंगाचा सदरा चालतो, धनुष्य नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोराला १०-१२ पौंड ताण पुरे. जास्त ताणाला खांदा वर चढतो, तीच सवय लागते, मग दुखणं येतं आणि खेळ सुटतो.

पाती बदलता येतील असं लाकडी मुठीचं रिकर्व्ह घ्या. ताकद वाढली की फक्त पाती बदला. आधी प्रबळ डोळा तपासा. उजवा असेल तर दोरी शक्यतो उजव्या हातानं ओढू द्या.

रंगरूटालाही आपण पहिल्याच दिवशी भरलेली रायफल देत नाही.