मत नसलेल्यांचा प्रचार
काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी प्रदेश प्रतिनिधी, म्हणजे गटपातळीवरून (निदान कागदोपत्री) निवडून आलेले सदस्य, मतदान करतात, एखाद्या गावातील साधा कार्यकर्ता नव्हे. त्यामुळे २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे यांच्याविरुद्ध उभ्या ठाकलेल्या शशी थरूर यांच्या पाठीराख्यांना प्रचाराआधी मतदारच शोधावे लागले, कारण प्रतिनिधींच्या याद्या अपुऱ्या असल्याची तक्रार खुद्द थरूर यांनीच केली होती. थरूर यांच्या मोहिमेची खरी चिकाटी मतपत्रिकेच्या वादात दिसते: मतपत्रिकेवर पहिले नाव खर्गे यांचे असताना पसंतीच्या उमेदवारापुढे ‘१’ लिहिण्याची सूचना घोटाळ्याची ठरेल, असा आक्षेप घेतला गेला आणि बरोबरची खूण मान्य झाली. निकाल खर्गे यांच्या बाजूने ७,८९७ विरुद्ध १,०७२ असा लागला. १९९७ मध्ये सीताराम केसरींसमोर शरद पवारांनाही ८८२च मते पडली होती.