रोडगा आधी, ब्रेड मग

माघ सरत आला की गुरुकुंज मोझरीकडे एकाच दिवसात दोन ऋतू नांदतात. पहाटे शाल, दुपारी पंखा. घरी ब्रेड भाजायचा नाद लागलेल्यांची फजिती होते ती याच दिवसांत. पौषात चार तास झाकून ठेवलं तरी ढिम्म न हलणारं पीठ फाल्गुनात दीड तासातच भांड्याबाहेर येतं, त्याला आंबूस वास सुटतो, आणि खापर फुटतं यीस्टच्या पुडीवर. पुडी बिचारी जानेवारीतली तीच असते. यीस्ट जिवंत आहे, गारठ्यात ते आळसावतं आणि उबेत उधळतं. इडलीचं पीठ थंडीत आंबत नाही, हे कळणाऱ्या घरात हे नव्यानं सांगायला नको. चूक आहे ती पिठाकडे न पाहता घड्याळाकडे पाहण्याची. म्हणून माझं म्हणणं असं, की वऱ्हाडात घरचा ब्रेड शिकायचा तर मोबाईलवरच्या व्हिडिओआधी रोडगा शिकावा.

रोडग्याला ना काटा, ना मिनिटं. जाडसर दळलेली कणीक, ओवा, मीठ, तेलाचं मोहन. घट्ट मळायचं, तेल लावून पदर घालायचे आणि गोळा बंद करायचा. खरी कसोटी पुढे, आरावर. गवऱ्या पेटल्या म्हणजे रोडगे टाकायची वेळ झाली असं नव्हे. धूर पूर्ण निघून जावा लागतो, लाल निखाऱ्यावर पांढरी राख चढावी लागते. घाई केली तर वरून कोळसा आणि आत कच्चं पीठ. रोडगा एका अंगानं धरला की उलटायचा, मग गरम राखेत दाबून ठेवायचा, म्हणजे उतरत्या आचेवर तो गाभ्यापर्यंत शिजतो. विटांच्या भट्टीतला पाव असाच भाजला जातो: आधी भट्टी तापवायची, मग साठलेल्या उष्णतेवर भागवायचं. झाला की नाही, याची परीक्षाही दोन्हीकडे एकच. बोटानं टिचकी मारायची, पोकळ आवाज यायला हवा. मग फडक्यानं राख झटकून रोडगा फोडायचा आणि तुपात बुडवायचा. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. (हा बाटीचा भाऊ आहे, हे कबूल करायला हरकत नाही. पळसाच्या पानातला पानगा मात्र आपल्या चालीचा.)

यावर कोणी म्हणेल, रोडग्यात यीस्टच नाही, मग तो फुगवणं काय शिकवणार? फुगवणं नाही शिकवणार, पण हात शिकवेल. बन्सी गव्हाची जाडसर कणीक ताणली की तुटते, म्हणून ती रोडग्याला छान आणि पावाला कुचकामी. हा फरक बोटांना कळला की ब्रेडचा निम्मा धडा झाला. ज्वारीचं तर आणखी सोपं: तिच्यात ग्लुटेनच नाही, म्हणून भाकर थापावी लागते आणि ज्वारीचा ब्रेड विटेसारखा होतो. गव्हाची सोंगणी झाल्यावर नव्या गव्हाचं पीठही जुन्यासारखं पाणी पीत नाही. पाणी किती, हे त्या पिठालाच विचारावं लागतं.

दुसरा आक्षेप जड आहे. शेण जाळायचं की वावराला खत म्हणून द्यायचं? आणि गवरीचा धूर बाईच्याच डोळ्यांत का? ज्या तुकडोजी महाराजांनी १९३५ साली याच मोझरीत आश्रम उभा केला आणि ज्यांच्या १९५५च्या ग्रामगीतेत गावाच्या आरोग्याला वेगळी जागा आहे, त्यांच्या गावाच्या नावानं रोजच्या स्वयंपाकाला गवऱ्या पेटवा असं सांगणं मला तरी शोभणार नाही. रोज गॅसच बरा. पण थंडीत दोनचारदा, वावरात उघड्यावर, चार घरांनी मिळून लावलेला आर ही निराळी गोष्ट आहे, आणि तिथे गवऱ्या रचायला पुरुषांचेही हात असतात. एरवी जाड बुडाच्या कढईत झाकण घालून मंद आचेवर रोडगे होतात. राखेची चव जाते, आच ओळखणं जात नाही.

राहिला प्रश्न जडपणाचा. रोडगा जड आहेच, म्हणून तो थंडीतच गोड लागतो. पळस फुलला आणि वांग्यांत बिया धरू लागल्या की त्याचे दिवस सरले. तिथून ब्रेडचे सुरू होतात, पण कोमट पाण्याऐवजी माठाचं घेऊन, यीस्ट निम्म्यावर आणून, आणि पीठ पहाटेच्या गारव्यात मळून. दहाच्या उन्हाआधी तो ओव्हनमध्ये गेलेला बरा.